धाकट्या लीगचा मॅनेजर

केशव कर्णिक गेल्याची बातमी मला गोबिंदने आणून दिली. सकाळी बेल वाजली, दार उघडलं तर हा दारात उभा. शहाडहून डोंबिवलीला आलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. फोन त्याच्या घरी आहे, माझ्याही घरी आहे. "फोनवर कसं सांगणार होतो..." एवढंच म्हणाला आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. बायकोने पाणी दिलं ते हातात धरून राहिला, प्यायला नाही. मग म्हणाला, "मास्तर गेले. झोपेतच. सूनबाई चहा घेऊन गेल्या तर..."  आम्ही दोघे तसेच कल्याणला गेलो.

पुढे दोन-तीन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, शिस्तीचे, विद्यार्थ्यांचे लाडके, मागे पत्नी, मुलगा, सून, नातवंडं. सगळं खरं होतं. पण त्यात फुटबॉलचं नाव नव्हतं. आणि मला तर केशव म्हटलं की आठवतो तो ठाकुर्लीच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला केशव, पांढऱ्या सदऱ्यावर राखेच्या चिखलाचे डाग घेऊन, अख्खं कल्याण अंगावर ओरडत असताना एक शब्दही न बोलणारा. त्या दुपारबद्दल आणि नंतर ठाण्यात झालेल्या सभेबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. केशवने लिहूच दिलं नसतं. आता गोबिंदला विचारलं. तो म्हणाला, "लिही. सगळं लिही. माझंही लिही."

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या भागात तेव्हा फुटबॉलची एक लीग चालायची. मोठी लीग मुंबईत, तिथे बूट घातलेले नावाजलेले खेळाडू. आमची ठाण्यापासून शहाडपर्यंतची, सहा संघांची, म्हणून तिला सगळे धाकटी लीग म्हणत. आमच्यातले बरेचजण घोट्याला पट्ट्या गुंडाळून अनवाणीच खेळायचे. चामड्याचा चेंडू, त्याला बुटासारखी लेस. पावसात भिजला की इतका जड व्हायचा की डोक्याने मारल्यावर कपाळावर वळ उठायचा. पण या धाकट्या लीगचं वेड मोठं होतं. पहिला येणारा संघ पुढच्या वर्षी मुंबईत खेळणार. शिवाय हंगाम संपला की सहाही संघांचे मॅनेजर आणि कप्तान ठाण्यात एकत्र बसत आणि निवड करत... हंगामाचा उत्कृष्ट मॅनेजर कोण (त्याला ढाल मिळायची), उत्कृष्ट खेळाडू कोण, आणि मुंबईच्या संघाशी सामना खेळायला कोणते अकराजण पाठवायचे. त्या अकरांतल्या एखाद-दोघांना गिरणीत नाहीतर रेल्वेत नोकरी लागायची. खेळाच्या जोरावर लागलेली नोकरी म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने देवच पावला. त्यामुळे निवडीचा वाद सभेत नव्हे, सामने सुरू असतानाच पेटायचा. कल्याणच्या पारनाक्यावर न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठून भांडायचं.

त्या वर्षी उत्कृष्ट मॅनेजरचा वाद दोनच नावांवर होता. एक ठाकुर्लीचा पिंटो. मूळचा वसईकडचा, इंजिन ड्रायव्हर, धिप्पाड माणूस. रेल्वे वसाहतीतले फायरमन, फिटर, खलाशी म्हणजे शेडमधले मजूर, असे लोक गोळा करून त्याने संघ उभा केला होता. त्याच्या संघात मोठं नाव एकाचंही नव्हतं, पण सगळे मिळून भिंतीसारखे उभे राहायचे. आणि दुसरा आमचा केशव. वय अठ्ठावीस-एकोणतीस. स्वतः सुरेख खेळायचा, पण गुडघा दुखावला आणि पाय कायमचा आखडला. मग शाळेतली चित्रकला सांभाळून तो आमच्या कल्याणच्या संघाचा मॅनेजर झाला. मी कप्तान होतो, लेफ्ट हाफला खेळायचो. केशव फळ्यावर खडूने मैदान काढायचा आणि म्हणायचा, "चेंडू जिथे आहे तिथे सगळे धावतात रे. तो जिथे जाणार आहे तिथे एकाने तरी जा." हे एक वाक्य कळायला आम्हाला सबंध एक हंगाम लागला होता.

गोबिंद त्यालाच सापडला. कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं होतं. कल्याण कॅम्प म्हणायचे त्याला. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-बारा संसार. शाळेच्या शिक्षकांबरोबर केशव तिथे मुलांना शिकवायला जायचा. एकदा त्याने बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत एका तरुणाला चिंध्यांच्या चेंडूशी खेळताना पाहिलं. समोर पाच-सहा जण, आणि हा एकटा त्यांच्यातून पाण्यासारखा निघून जात होता. कराचीत खेळलेला. इथे आईबरोबर राहून गाडीत पेपरमिंट विकायचा. दुसऱ्या दिवशी केशव त्याला घेऊन मैदानावर आला आणि मला म्हणाला, "हा आपला सेंटर फॉरवर्ड." संघ चालवणाऱ्या आमच्या मंडळातल्या काहींना ते आवडलं नाही. "आपली पोरं काय मेली का? कॅम्पवाल्याला कशाला?" असं उघड बोललं गेलं. केशव म्हणाला, "आपली पोरं त्याला पास देतील," आणि विषय संपवला. पहिल्या दोन सामन्यांत गोबिंदने गोल मारले तेव्हा बोलणारेच त्याला खांद्यावर घेऊन नाचले. तो केशवला 'मास्तर' म्हणायचा. सामन्याच्या दिवशी केशवच्या आईच्या हातचा भात जेवून मैदानावर यायचा. आमच्या सगळ्यांत केशवशी त्याचंच जास्त जमायचं, हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच इतकं कडू झालं.

शेवटचा सामना ठाकुर्लीत, पिंटोच्या संघाशी. दोघांचे गुण सारखे होते. जिंकेल तो पहिला. ठाकुर्लीचं मैदान काळं, वर इंजिनांची राख पसरलेली, पावसाने तिचा चिखल झालेला. कल्याणहून माणसं रुळांच्या कडेकडेने चालत आली होती. एका गिरणीच्या संघासाठी खेळाडू बघायला दोन साहेब येऊन बाकावर बसले होते आणि ते गोबिंदसाठी आलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोबिंदला तर होतंच. त्याची आई त्या दिवशी पहिल्यांदा सामना बघायला आली होती. डोक्यावरून ओढणी घेऊन लांब, दगडावर बसली होती.

गोबिंदने लवकरच गोल केला. आम्ही एकने पुढे. मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना एक कॉर्नर आला, गोबिंद उडी मारून चेंडूवर गेला, त्यांचा बॅकही गेला, आणि गोबिंदचं डोकं गोलच्या लाकडी खांबावर आपटलं. तो आवाज मी ऐकला. गोबिंद पडला, पण लगेच उठला, हसला, हात झटकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू झाला. पण मला दिसलं, की तो चेंडू आला तरी क्षणभर बघत उभा राहतोय.

मध्यंतराला आम्ही गोलच्या मागच्या नळापाशी बसलो. केशव लिंबाच्या फोडी देत देत गोबिंदपाशी गेला आणि वाकला. गोबिंदने त्याचं मनगट धरलं. घट्ट. आणि सिंधीत काहीतरी विचारलं. केशव म्हणाला, "काय रे?" तेव्हा गोबिंद त्याच्या तोंडाकडे बघत हिंदीत म्हणाला, "चाचा, बाबा चढ़े कि नहीं? जहाज़ छूट रहा है. बाबा को बोलो ताला छोड़ दे..." मी बाजूलाच होतो. माझ्या हातातली लिंबाची फोड तशीच राहिली. गोबिंदचे वडील कराचीतच गेले, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याहून जास्त तो कधी बोलला नव्हता. केशवने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "गोबिंद, आपले किती गोल?" तो नुसता बघत राहिला. मग डोळे मिटले, उघडले, आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चलो मास्तर, सेकंड हाफ." उठून उभाही राहिला. काही घडलंच नाही असा.

केशव म्हणाला, "जर्सी काढ."

त्या काळी बदली खेळाडू नसायचा. एक बाहेर गेला की उरलेल्या दहांनी खेळायचं. गोबिंदला आधी चेष्टा वाटली. मग कळलं तेव्हा तो केशवच्या अंगावर गेला. "मास्तर, वो लोग मेरे लिए आए हैं! ये मेरी रोटी है!" केशव आखडलेल्या पायावर डळमळला, पण त्याने मुठीत धरलेली जर्सी सोडली नाही. "आज नाही," एवढंच म्हणत राहिला. गोबिंदने जर्सी ओढून काढली, चिखलात फेकली आणि उघड्या अंगाने मैदानाबाहेर चालत गेला. त्याची आई त्याच्या मागे धावली. आम्ही दहाजण आत गेलो. मैदानाच्या कडेने आरडाओरडा सुरू झाला. "कर्णिक, डोकं फिरलं का? पोरगा चालतोय की चांगला!" पहिला गोल आमच्यावर झाला तेव्हा शिव्या सुरू झाल्या. शेवटी शेवटी दुसरा झाला, आणि मग राखेच्या चिखलाचे गोळे आले. एक केशवच्या छातीवर बसला. तो हलला नाही. पंचाची शिट्टी वाजल्यावर पिंटोशी हात मिळवायला गेला.

परत येताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू ऐकलंस ते कोणाला सांगायचं नाही." मी म्हटलं, "अरे, सांगितलं तर लोक समजतील तरी! तुझी कातडी वाचेल." तो म्हणाला, "माझी वाचेल. त्याची? मार लागून बडबडतो असं त्या साहेबांच्या कानावर गेलं तर घेतील का त्याला? आधीच कॅम्पातल्या माणसांना लोक काय काय म्हणतात. आणि दुसरं म्हणजे..." तो थांबला. "तो त्याच्या वडिलांबद्दल बोलत होता. आपल्याशी नाही. ते आपण चार लोकांत वाटायचं?" मी शब्द दिला. तो तिथून घरी गेलाच नाही. टांगा करून कॅम्पात गेला आणि गोबिंदच्या बराकीबाहेर पायरीवर बसला. गोबिंद बाहेर आला नाही. लोक येता-जाता केशवला टाकून बोलत होते. दिवे लागले तेव्हा गोबिंदची आई बाहेर आली. केशवने तिला सांगितलं, "डोक्याला लागलंय त्याच्या. आज त्याच्यावर लक्ष ठेवा." तिने मान हलवली, पाणी दिलं, आणि आत गेली. हे मला तिच्याकडूनच पुष्कळ वर्षांनी कळलं.

सभा ठाण्यात, तलावाजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. अध्यक्ष अण्णासाहेब गुप्ते, वकील, फार नेमकं बोलणारे गृहस्थ. एरवी बाराजणांची सभा, पण त्या दिवशी जिन्यात, गच्चीवर, खिडकीखाली माणसं. कल्याणचे, ठाकुर्लीचे, कॅम्पातले. कल्याणचे लोक केशवकडे बघून थुंकत होते, आणि कॅम्पातलेही. कल्याणच्यांना वाटत होतं, याने सामना घालवला. कॅम्पवाल्यांना वाटत होतं, ऐन वेळी कल्याणच्या माणसाला मोठेपणा मिळावा म्हणून याने आमच्या पोराला बाहेर काढलं. दोन्हीकडून एकच माणूस सापडला होता.

आधी उत्कृष्ट खेळाडूचा विषय निघाला. गोबिंदचं नाव येताच ठाण्याच्या मॅनेजरने हरकत घेतली. "नियमाप्रमाणे खेळाडू आपल्या हद्दीतला हवा. निर्वासितांच्या छावणीला हद्द कसली? उद्या दुसरीकडे हलवतील." अण्णासाहेब विचारात पडले. केशव उठला. त्या सभेत तो एवढ्यासाठीच आला होता असं मला आजही वाटतं. "साहेब, सरकारने त्याला जिथे ठेवलंय तो त्याचा पत्ता. त्या जागेचं नाव कल्याण कॅम्प. नावातच कल्याण आहे, आणखी काय हवं? आणि या हंगामात त्याच्याहून चांगला कोणी खेळला असेल तर याच क्षणी त्याचं नाव घ्या, मी खाली बसतो." कोणी नाव घेतलं नाही. अण्णासाहेबांनी हरकत फेटाळली. गोबिंद निवडला गेला.

तेव्हाच दारातून आवाज आला. गोबिंद स्वतः उभा होता. त्याला बहुतेक केशवचं बोलणं टोचलं असावं. म्हणाला, "अभी तारीफ करते हैं! उस दिन क्यों निकाला? सबके सामने बोलो मास्तर. कॅम्पवाला हूँ इसलिए ना?"  अण्णासाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "कर्णिक, सभासद नसलेल्या माणसाला इथे बोलता येत नाही. पण प्रश्न सगळ्यांच्याच मनात आहे. आपण उत्तर द्यावं." मी केशवच्या शेजारी बसलो होतो.  मी उठायला लागलो तर त्याने माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला. मग तो गोबिंदकडे बघून म्हणाला, "मी तुला काढला. का ते सांगणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन." एकच गलका उठला. "बघा, माज बघा!" कोणीतरी खिडकीतून ओरडलं. गोबिंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. तो मागे वळून जिना उतरून गेला.

मग पिंटो उठला. तो बोलायला उभा राहिला की खोली लहान वाटायची. म्हणाला, "मी बोलतो जरा. सामना मी जिंकलोय. ढाल घरी नेऊन बायकोला दाखवायला मला आवडेल. पण हाफटाइमला नळावर मी पण होतो. बघितलं ते बघितलं. हा बोलत नाय, तर मी पण नाय बोलणार. एवढंच सांगतो... त्या जागी माझा माणूस असता तर मी त्याला खेळवला असता. जिंकायचं होतं मला. आणि मग..." तो थांबला. टोपी हातात फिरवत राहिला. "मग काय झालं असतं ते देवाला ठाऊक. माझं मत कर्णिकला." आणि बसला.

मतदान तोंडीच असायचं, एकेकाने उठून नाव घ्यायचं. स्वतःला मत द्यायचं नाही एवढाच नियम. पिंटोच्या बोलण्याने वारं फिरलं होतं. कोणालाच नेमकं काही कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं होतं. एक नाव इकडे, एक तिकडे. सगळ्यांची मतं झाली आणि केशव एकटा राहिला, तेव्हा तो पिंटोच्या एका मताने पुढे होता. त्याने तिसऱ्या कोणाचंही नाव घेतलं असतं तरी निवड त्याचीच होती. मला वाटलं, सुटलो! केशव उठला आणि म्हणाला, "पिंटो." बरोबरी झाली. अध्यक्षांनी आपलं मत जिंकलेल्या संघाच्या मॅनेजरला दिलं. पिंटो ढाल घ्यायला पुढे गेला तेव्हा टाळ्या वाजवणारा पहिला माणूस केशव होता.

खाली उतरल्यावर मी त्याच्यावर भडकलो. "हे काय केलंस तू?" तो शांतपणे म्हणाला, "मला गोबिंद मिळाला होता. पिंटोला कोण मिळालं होतं? नुसत्या साध्या माणसांचा संघ केला त्याने. मोठा कोण मग?" ठाणे स्टेशनात पिंटो आमच्याजवळ आला, ढाल वर्तमानपत्रात गुंडाळलेली. हळूच मला म्हणाला, "आमच्या शेडमध्ये एकाच्या डोक्यात साखळीचा हूक बसलेला. उठला, हसला, डबा खाल्ला, घरी गेला. सकाळी उठवायला गेले तर..." एवढं बोलून तो दुसरीकडे बघायला लागला.

गोबिंदला गिरणीत नोकरी लागली. शहाडला खोली मिळाली, आईला बराकीतून बाहेर काढता आलं. आमच्या मंडळाने केशवला मॅनेजरपदावरून काढलं. वर्षामागून वर्षं गेली. मैदानावर समोरासमोर आले तर गोबिंद सगळ्यांशी हात मिळवायचा आणि केशवपाशी आला की हात खिशात घालायचा. मी केशवला म्हणायचो, आता तर सांग, आता नोकरी पक्की आहे त्याची. तो म्हणायचा, "त्याने विचारलं तर सांगेन." माझ्या मते या गप्प बसण्यात थोडा मानीपणाही होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण केशवला खोटं कौतुक कधी आवडलं नाही.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. गोबिंद आता गिरणीच्या संघाचा मॅनेजर झाला होता. कल्याणला खाडीच्या बाजूच्या मैदानावर त्यांचा सामना, मी आणि केशव बघायला गेलेलो. गोबिंदचा गोलकीपर खडवलीचा एक तरणा गडी. चेंडू अडवायला झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. उठला, पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. गोबिंद त्याच्यापाशी गेला. तो मुलगा गोबिंदच्या खांद्याला धरून म्हणाला, "दादा, म्हशी बांधल्या का रे? अंधारून आलंय..." आम्ही गोलच्या मागेच होतो, आम्हाला सगळं ऐकू आलं. भर दुपार होती. गोबिंद तसाच उभा राहिला. पंच शिट्ट्या वाजवत होता, लोक ओरडत होते. मग गोबिंदने त्या मुलाचा हात धरून त्याला मैदानाबाहेर आणलं, खाली बसवलं आणि त्याच्या संघाचे लोक त्याच्यावर ओरडायला लागले. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो केशवकडे बघत होता. असा चेहरा मी पुन्हा कोणाचा बघितला नाही.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "चल माझ्यासोबत. एकट्याला जमणार नाही." आम्ही केशवच्या घरी गेलो. केशवची बायको, सुमनवहिनी, दार उघडून बाजूला झाल्या. गोबिंद बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी काय बोललो होतो?"

केशवने सांगितलं. जसं होतं तसं. कुलपासकट, जहाजासकट. गोबिंदने भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, "बाबा दुकानाचं टाळं बघायला परत गेलेले. बंदरावरून. म्हणाले, तुम्ही चढा, मी आलोच... मी हे कोणाला बोललो नाही कधी. आईला पण नाही. तिला वाटतं ते गर्दीत सुटले."  आणि मग गोबिंद एकदम उसळला. "इतकी वर्षं! इतकी वर्षं मी तुमचं तोंड बघितलं नाही मास्तर! लोकांना नका सांगू, मला तर सांगायचं! मला!" केशव म्हणाला, "तू विचारलं नाहीस." "मी सभेत विचारलं होतं! सगळ्यांसमोर!"  गोबिंद दारापर्यंत गेला, चपला घातल्या. आम्हाला वाटलं, गेला. केशव जागेवरून उठला आणि त्याच्या मागे म्हणाला, "तुला काढला त्यात माझं काही चुकलं नाही. तुला सांगितलं नाही, ते चुकलं." गोबिंद दारात पाठमोरा बराच वेळ उभा होता. मग चपला काढून आत आला, आणि केशवच्या समोर जमिनीवरच बसला. वहिनींनी पानं घेतली तेव्हा तीन घेतली.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे केशवच्या बाहेरच्या खोलीत बसत आलो. संसार वाढले, पिंटो गेला, धाकटी लीग बंद पडली, ठाकुर्लीच्या मैदानावर इमारती आल्या. विषय मात्र एकच. त्या हंगामाचा उत्कृष्ट मॅनेजर कोण? गोबिंद म्हणायचा, मास्तर. केशव म्हणायचा, पिंटो. केशव पिंटोच्या संघातला एकेक फिटर, एकेक खलाशी उभा करायचा, गोबिंद एकेकाला आडवा करायचा. आवाज चढत जायचे. मी मध्ये बसून ऐकायचो. माझं मत मी ठाण्याच्या सभेतच दिलेलं होतं, केशवला, आणि ते कधी बदललं नाही.

दिवसकार्य उरकल्यानंतरच्या रविवारी गोबिंद आणि मी पुन्हा त्या खोलीत गेलो. वहिनी आत होत्या. सुनेने चहा ठेवला. गोबिंदने कप उचलला, खाली ठेवला, आणि सवयीने म्हणाला, "काही म्हण, त्या वर्षी बेस्ट मॅनेजर मास्तरच." समोरून उत्तर आलं नाही. तो थांबला. समोरच्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.  

मी म्हटलं, "छे! पिंटोच."

गोबिंद खुर्चीत ताठ झाला. "काय बोलतोस तू? पिंटो? अरे त्याचा राइट बॅक आठव, लंगडा होता अर्धा!" मी म्हटलं, लंगड्याला घेऊन लीग जिंकला, म्हणूनच तो मोठा. गोबिंदने टेबलावर मूठ आपटली. चहा निवून गेला. आतून सुमनवहिनींचा आवाज आला, "जरा हळू रे... शेजाऱ्यांना ऐकू जातं."

आता दर रविवारी मी पिंटोच्या बाजूने बोलतो.